बॅड ब्रेन्सना वाजवता येत होतं, म्हणूनच

प्रश्न कोथरूडच्या चार मुलांचा आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, हार्डकोर पंकचा, म्हणजे अतिवेगवान आणि आक्रमक रॉकचा, बँड काढलाय. ड्रमर आधी तबला शिकायचा. त्याचे सर म्हणतात, ज्यांना वाजवता येत नाही त्यांनी काढलेलं हे संगीत आहे. मुलांना दोन गोष्टी हव्या आहेत: सरांचं खरं आहे का, आणि ज्या बॅड ब्रेन्स या अमेरिकन बँडचं नाव सगळे घेतात त्यांचा इतिहास नक्की काय. मी ड्रम्स वाजवतो, शिकवतो आणि कर्वेनगरला एका तळघरात जॅमरूम चालवतो. त्यामुळे उत्तर ड्रम्सच्या बाजूला झुकणार, हे धरून चला.

सर निम्मे बरोबर आहेत. तीन कॉर्ड आल्या की बँड काढा, हा १९७६-७७ च्या पंकचा जाहीर पवित्राच होता आणि त्यात कुणाला कमीपणाही वाटत नव्हता. पण हार्डकोरला त्याचा वेग ज्या बँडनं दाखवला, तो नेमका उलट्या दिशेनं आलेला होता. बॅड ब्रेन्स आधी जॅझ-फ्यूजन, म्हणजे जॅझ आणि रॉक मिसळून केलेलं अवघड संगीत, वाजवायचे. अवघड सोडून सोप्याकडे आले आणि सोपं इतक्या वेगानं वाजवायला लागले की तेच अवघड होऊन बसलं.

वॉशिंग्टन शहराला लागून मेरीलँड राज्यात डिस्ट्रिक्ट हाइट्स नावाचं उपनगर आहे. तिथल्या कृष्णवर्णीय मुलांनी १९७६ च्या सुमारास ‘माइंड पॉवर’ नावाचा बँड काढला. गिटारवर गॅरी मिलर (पुढे त्याला सगळे डॉक्टर नो म्हणायला लागले), बेसवर डॅरिल जेनिफर, ड्रम्सवर अर्ल हडसन आणि त्याचा थोरला भाऊ पॉल हडसन, म्हणजेच एच. आर., असे ते चौघं. ही मुलं ऐकायची फ्यूजन वाजवणारे रिटर्न टू फॉरएव्हर आणि महाविष्णू ऑर्केस्ट्रा. दुसरं नाव सरांना सांगा. झाकीर हुसेन यांच्यासोबत ‘शक्ती’ काढणारा जॉन मॅक्लॉक्लिन, त्याचाच हा आधीचा बँड. अठरा-एकोणीस मात्रांचे हिशेब विजेच्या गिटारवर मांडणारा. ज्यांनी कान त्या संगीतावर तयार केले, त्यांना ‘वाजवता येत नाही’ म्हणायला तबल्याचे सरही कचरतील.

मग सिड मॅक्रे नावाच्या मित्रानं त्यांना पंकच्या रेकॉर्ड ऐकवल्या. काही काळ तोच गायकही होता, नंतर एच. आर. माइकवर आला. फ्यूजनमध्ये नसलेली एक गोष्ट त्यांना पंकमध्ये दिसली असावी: गाणं सुरू होताच मुद्द्याला हात. रमोन्स या पंक बँडच्या एका गाण्यावरून नाव घेतलं आणि ठरवलं की आपण हेच करायचं, पण याहून फास्ट.

याच काळात एच. आर.च्या हाती नेपोलियन हिलचं ‘थिंक अँड ग्रो रिच’ पडलं. १९३७ चं पुस्तक. मराठीतही त्याचे अनुवाद आहेत आणि तुमच्यापैकी एकाला तरी बारावीनंतर एखाद्या काकांनी ते भेट दिलं असणार. हिलचा ‘पॉझिटिव्ह मेंटल अ‍ॅटिट्यूड’, म्हणजे पीएमए, या बँडनं घोषवाक्य करून टाकला. ‘अ‍ॅटिट्यूड’ हे दीड मिनिटाच्या आत संपणारं गाणं त्याच्यावरच आहे. लंडनचे पंक ‘भविष्य नाही’ म्हणत होते तेव्हा हे चौघं श्रीमंत होण्याच्या पुस्तकातून उमेद घेत होते. मला हा विरोधाभास फार आवडतो, कारण त्यांच्या तालमींमागची शिस्त तिथून आलेली आहे. चिडलेला माणूस आठवड्यातून एकदा तालीम करतो, उमेद असलेला रोज करतो.

१९७९ मध्ये ते डॅम्ड या इंग्लिश बँडच्या आधी वॉशिंग्टनमध्ये वाजले. प्रेक्षकांत इयन मकाय नावाचा शाळकरी मुलगा होता. लवकरच त्यानं आणि त्याच्या मित्रांनी टीन आयडल्स नावाचा बँड काढला. पुढच्याच वर्षी, १९८० ला, त्याच मुलांनी डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि मायनर थ्रेट हा बँडही. हेन्री रोलिन्स हा मकायचा मित्र, पुढे कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅगचा गायक झाला, तोही याच गर्दीतला. ही बहुतेक गोरी मुलं. समोर स्टेजवर चार कृष्णवर्णीय माणसं, वयानं थोडी मोठी, आणि वाद्यांवर हुकमत असलेली. पोरांनी जे पाहिलं त्याची नक्कल करायला घेतली. तेवढं येत नव्हतं, म्हणून जे जमलं ते वॉशिंग्टनचं हार्डकोर झालं. सरांचं म्हणणं इथे पुन्हा थोडं खरं ठरतं, नाही का?

१९७९ मध्येच बॅड ब्रेन्स इंग्लंडला वाजवायला निघाले होते. कामाचा परवाना नव्हता, म्हणून आत न घेता परत पाठवलं. वॉशिंग्टनचे क्लब त्यांना दारातून घेईनात, त्यावर त्यांनी ‘बॅन्ड इन डी.सी.’ (म्हणजे वॉशिंग्टनमध्ये बंदी) हे गाणंच केलं, आणि शेवटी मुक्काम न्यूयॉर्कला हलवला. सीबीजीबी हा क्लब त्यांचं दुसरं घर झाला. १९८० ला ‘पे टू कम’ ही पहिली सिंगल आली. जेमतेम दीड मिनिटांची.

आता जरा रेकॉर्डिंगकडे येतो, कारण या बँडचा खरा इतिहास टेपवर आहे. जून १९७९ मध्ये व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला डॉन झिएन्टारा या माणसाच्या घरी त्यांनी काही गाणी रेकॉर्ड केली. बँड तळघरात, आणि गायकाचा आवाज ड्रम्सच्या माइकमध्ये मिसळू नये म्हणून एच. आर. बाहेर अंगणात. ही टेप ‘ब्लॅक डॉट्स’ या नावानं १९९६ मध्ये बाहेर आली. ती आधी ऐका. त्यानंतर लगेच १९८२ ची, रॉयर कंपनीची कॅसेट ऐका. बरीच गाणी तीच आहेत. पण ‘ब्लॅक डॉट्स’मध्ये ती अंमळ सावकाश आहेत, रिफमधला, म्हणजे गिटारवर फिरून फिरून येणाऱ्या सुरावटीतला, प्रत्येक सूर मोजता येतो. १९८२ पर्यंत वेग चढलाय, तरी एकही सूर गळलेला नाही. वेग नंतर आला, हे तुम्हाला स्वतःच्या कानांनी कळेल.

रॉयर ही फक्त कॅसेट काढणारी कंपनी होती. न्यूयॉर्कच्या १७१-ए या स्टुडिओत १९८१ साली जेरी विल्यम्सनं ध्वनिमुद्रण केलं आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये ती पिवळी कॅसेट आली. मुखपृष्ठावर अमेरिकेच्या संसदेच्या घुमटावर कोसळणारी वीज. बीस्टी बॉइजचा अ‍ॅडम याउक पुढे म्हणायचा की हार्डकोरचा याहून चांगला अल्बम झालाच नाही. आमच्या पिढीतल्या पुण्याच्या पोरांना कॅसेटचं अप्रूप सांगायला नको. अलूरकरांच्या दुकानात भीमसेनजी मिळायचे, किशोरीताई मिळायच्या, असलं काही मिळणं शक्यच नव्हतं. कुणाचा तरी भाऊ परदेशातून आणायचा आणि मग कॉपीची कॉपी, तिची कॉपी. ड्रम्स ऐकू यायचे बंद व्हायचे तोपर्यंत.

त्या कॅसेटवर हार्डकोरच्या मध्येच संथ रेगे, म्हणजे जमैकाच्या ढंगाची, गाणी आहेत. नवीन ऐकणारे ती पुढे ढकलतात. ढकलू नका. बॉब मार्लेला प्रत्यक्ष ऐकल्यानंतर चौघंही रास्ताफारी या जमैकातल्या पंथाकडे ओढले गेले होते, हे एक कारण. पण वाजवणाऱ्याच्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाचं काहीतरी तिथे चाललंय. हार्डकोरचा ठेका सरळ असतो: किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (काठीनं वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम), किक, स्नेअर, मध्ये श्वासाला जागा नाही. रेगेतल्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात पहिली मात्रा चक्क रिकामी सोडतात. किक आणि स्नेअरची काठी दोन्ही एकदम तिसऱ्या मात्रेवर पडतात. गिटार दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर छोटा फटकारा मारून गप्प. गाणं चालवतो तो बेस. पहिली मात्रा न वाजवता सगळ्यांना ती एकाच जागी जाणवली पाहिजे, ही त्यातली मेख. ज्या चौघांना रिकामी मात्रा एकत्र धरता येते, त्यांचं फास्ट गाणं सुटत नाही. विलंबितात लय स्थिर नसेल तर द्रुतात काय होतं हे तुमच्या ड्रमरला सरांनी नक्की दाखवलं असेल. हे तेच आहे.

खरं सांगायचं तर शुद्ध रेगे म्हणून ती गाणी फार थोर नाहीत. जमैकात त्याच काळात याहून किती तरी चांगलं चाललं होतं. पण सेटमध्ये ती काम करतात. ‘आय लव्ह आय जा’ सहा मिनिटांच्या वर चालतं, आणि त्याच्या शेजारचं एक-दीड मिनिटाचं गाणं मग कानशिलात बसल्यासारखं येतं. सीबीजीबीमध्ये १९८२ साली चित्रित झालेले त्यांचे कार्यक्रम उपलब्ध आहेत, ते बघा. सगळे एच. आर.कडे बघतात, आणि बघणारच, तो माणूस उलटी कोलांटी मारून गाण्याच्या शेवटच्या ठोक्यावर पायांवर उतरायचा. तुम्ही मात्र मागे बसलेल्या अर्लकडे बघा. चेहरा शांत, खांदे खाली, काठी मनगटातून चाललेली. आपल्याकडे ढोल-ताशा पथकातून ड्रम्सकडे येणारी पोरं ताकदीची असतात, पण खांद्यातून मारतात. नदीपात्रात वीस ढोलांच्या रांगेत ते ठीक आहे, हार्डकोरच्या ठेक्यात चाळीस सेकंदांत हात भरून येतो.

१९८३ मध्ये ‘रॉक फॉर लाइट’ आला. निर्माता रिक ओकासेक, कार्स या लोकप्रिय बँडचा म्होरक्या. रेडिओवर गोड गाणी वाजवणारा माणूस यांच्या नादी कसा लागला कोण जाणे, पण त्याला कळत होतं. एक सावधगिरी: १९९१ मध्ये हा अल्बम पुन्हा मिक्स करून काढला तेव्हा टेपचा वेगच वाढवला गेला. त्यामुळे सगळं साधारण अर्ध्या सुरानं वर सरकलंय, एच. आर.चा आवाज कार्टूनकडे झुकतो. ती आवृत्ती लावून गिटार जुळवायला बसलात तर तासभर डोकं फिरेल. आणि त्या वेगाशी स्पर्धा करू नका, तो माणसाच्या हाताचा नाही, यंत्राचा आहे.

नोव्हेंबर १९८६ मधला ‘आय अगेन्स्ट आय’ माझ्या मते त्यांचं सर्वोत्तम काम. जाणकार मित्र यावर वाद घालतात, कॅसेटवाले एका बाजूला आणि मी दुसऱ्या. रॉन सेंट जर्मेन हा निर्माता, मॅसॅच्युसेट्समधला शेतावरचा स्टुडिओ, आणि ब्लॅक फ्लॅगच्या ग्रेग गिननं काढलेली एसएसटी ही कंपनी. फ्यूजन इथे परत आलंय, पण मिरवायला नाही. रिफ वळतात, थांबतात, मेटलला जाऊन भिडतात, आणि खालून बेस आपल्याच मस्तीत नाचत असतो. फंक आणि मेटल एकत्र करणाऱ्या नंतरच्या कितीतरी बँडचं मूळ इथे सापडतं. लिव्हिंग कलर असो की फिशबोन, कृष्णवर्णीय रॉक बँडना ही वाट आधी कुणी चालून ठेवली होती, हे त्यांनी कधी लपवलं नाही.

याच अल्बमच्या वेळी एच. आर. गांजाच्या प्रकरणात तुरुंगात गेला. ‘सेक्रेड लव्ह’ गाण्याचा आवाज तेव्हा बाकी होता. तो त्यानं लॉर्टनच्या तुरुंगातून टेलिफोनवर गायला आणि इकडे स्टुडिओत तो टेपवर घेतला गेला. गाणं ऐकताना आवाज डबीत बंद असल्यासारखा वाटतो, त्यामागे कुठला इफेक्ट नाही. टेलिफोनची लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पार नेते, म्हणजे छातीतला भरणा गेला आणि वरची चकाकीही गेली. हल्ली लोक संगणकावर प्लगइन लावून असा आवाज मुद्दाम आणतात. गंमत अशी की तेवढ्या अरुंद पट्ट्यातूनही त्याचं ठेक्याच्या किंचित मागे राहून गाणं शाबूत पोचलंय.

यापुढचा इतिहास उतरणीचा आहे आणि तो मी झटकन सांगतो. एच. आर.ला फक्त रेगे गायचं होतं, बाकीच्यांना रॉक. तो जायचा, यायचा, पुन्हा जायचा. भाऊ म्हणून अर्लही त्याच्यामागे जायचा. १९८९ च्या ‘क्विकनेस’वर ड्रम्स मॅकी जेसननं वाजवलेत. १९९३ चा ‘राइज’ एपिक या बड्या कंपनीकडून आला, पण गायक वेगळा. १९९५ चा ‘गॉड ऑफ लव्ह’ मॅडोनाच्या मॅव्हरिक कंपनीनं काढला, मूळ चौघं एकत्र होते, आणि त्याच दौऱ्यात एच. आर.च्या हातून मारामारी आणि अटकेपर्यंत गोष्टी गेल्या. मधली काही वर्षं ते सोल ब्रेन्स नावानं वाजले. २००६ मध्ये सीबीजीबी कायमचं बंद झालं, त्या शेवटच्या आठवड्यात हे तिथे होते. २००७ चा ‘बिल्ड अ नेशन’ अ‍ॅडम याउकनं निर्माण केला. २०१२ ला ‘इन्टू द फ्यूचर’ आला. त्यानंतर २०१५ मध्ये डॉक्टर नोचं हृदय बंद पडता पडता वाचलं, २०१७ मध्ये एच. आर.वर मेंदूची शस्त्रक्रिया झाली. बडी कंपनी, पैसा, नाव सगळं दारात येऊन परत गेलं असं लोक हळहळत सांगतात. मला त्यात फार रस नाही, कारण १९८६ पर्यंत त्यांचं सांगून झालं होतं.

एक गोष्ट मात्र वगळणार नाही, कारण भक्तमंडळी ती हमखास वगळतात. १९८२ च्या दौऱ्यात टेक्सासमधल्या ऑस्टिनला बिग बॉइज या बँडनं त्यांची उठबस केली. बिग बॉइजचा गायक समलिंगी आहे हे कळल्यावर बॅड ब्रेन्सनी धर्माच्या नावाखाली त्याच्याशी अत्यंत वाईट वर्तन केलं. ती बातमी देशभरच्या हार्डकोर मंडळींत पसरली आणि अनेकांनी त्यांना कायमचं सोडलं. पुढे बँडमधून खेद व्यक्त झाला. पीएमएच्या घोषणा देणाऱ्यांचा हाही इतिहास आहे. टी-शर्ट घालणार असाल तर माहीत असू द्या.

आता तुमच्या बँडपुरतं. ड्रमरनं ‘अ‍ॅटिट्यूड’ अर्ध्या वेगावर घ्यावं, मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) लावून, हाय-हॅट (पायानं उघड-बंद होणारी झांजांची जोडी) बंद ठेवून. किकचा पाय आणि स्नेअरचा हात यांतलं अंतर दर वेळी सारखं आलं की मगच थोडा वेग वाढवायचा. तबला झालेल्या मुलांचे हात तयार असतात, डोक्यात हिशेब पक्का असतो, पण उजवा पाय अडाणी असतो. आधी पायाला शिकवा. बेसवाल्यानं महिनाभर फक्त रेगे वाजवलं तरी चालेल, कुणी हसणार नाही. गिटारवाल्यानं डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) बंद करून रिफ वाजवून दाखवावी. स्वच्छ आवाजात जी रिफ लंगडते ती डिस्टॉर्शनमध्येही लंगडतच असते, फक्त ऐकू येत नाही.

आणि कान. काँक्रीटच्या तळघरात ड्रमकिट सहज १०० डेसिबलच्या वर जातं. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो असं धरलं, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० ला फक्त पंधरा मिनिटं. औषधांच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, वडापावच्या भावात. माझ्याकडे त्याशिवाय कुणाला किटवर बसू देत नाही.

शेवटचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण विचाराल: वाजवायचं कुठे? महाराष्ट्रात बिअर एकविसाव्या वर्षी, कडक दारू पंचविसाव्या. पुण्यात लाइव्ह बँडला जागा देणारे बहुतेक पब. तुम्ही एकोणीस वर्षांचे, तुमचे मित्रही तेवढेच, म्हणजे बँड आत आणि प्रेक्षक फुटपाथवर. टीन आयडल्सचंही हेच दुखणं होतं. १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्स या क्लबमध्ये त्यांच्या हातांवर मोठी काळी फुली मारून आत सोडलं, म्हणजे बारवाल्यानं फुली बघून दारू द्यायची नाही. मुलांनी तीच युक्ती वॉशिंग्टनच्या क्लबांना विकली, आणि फुली पुढे ‘स्ट्रेट एज’ या दारू-ड्रग्जपासून दूर राहणाऱ्या अख्ख्या चळवळीची खूण झाली. न्यूयॉर्कला सीबीजीबीनं दुसरा मार्ग काढला: हार्डकोरचे कार्यक्रम रविवारी दुपारी, संध्याकाळचं गिऱ्हाईक यायच्या आत.

तेव्हा एखाद्या कॅफेवाल्याला गाठा, ज्याची रविवारची दुपार रिकामी जाते. दारू नाही, तिकीट माफक, तीन बँड, आणि साडेसातला सगळं आवरून बाहेर, म्हणजे रात्री दहाच्या लाउडस्पीकरच्या नियमाशी भांडण नको आणि शेजारच्या सोसायटीशीही नको. कार्यक्रमाची वेळ चारनंतरची मागा. त्याआधी पुण्यात कुणी दार उघडणार नाही.